लसणाच्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे, ते मोजा

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई



मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. या पत्रात जे मागायचं आहे ते आधीच सांगते. ‘सूज उतरवते’, ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असं सांगत लसणाच्या ज्या कॅप्सूल आणि गोळ्या राज्यभर विकल्या जातात, त्यांचे नमुने आपल्या प्रशासनानं बाजारातून उचलावेत. लसणातली नेमकी कोणती द्रव्यं त्यांत आहेत आणि किती आहेत, हे प्रयोगशाळेत मोजून घ्यावं आणि निकाल लोकांपुढे ठेवावेत. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठी एक इशारा, मराठीत आणि चष्मा न लावता वाचता येईल अशा अक्षरात, प्रत्येक बाटलीवर यावा यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा.

मागणी छोटी आहे, पत्र मात्र लांबणार आहे. लसणाबद्दल माझ्या काउंटरवर दोनच प्रकारची माणसं बोलतात. काहींच्या लेखी लसूण म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण उपाय. काहींच्या, विशेषतः शिकलेल्यांच्या, लेखी हे सगळं थोतांड. दोघांनाही खरी माहिती कुणी दिलेली नाही, आणि त्या रिकाम्या जागेत बाटलीवरची जाहिरात सुखानं नांदते आहे.

लसणात दाह कमी करणारी रसायनं आहेत, आणि ती कशी काम करतात याचा बराच उलगडाही झाला आहे. पण ही रसायनं पाकळीत तयार होऊन बसलेली नसतात. गड्ड्यातून एक पाकळी काढावी, सोलावी आणि अख्खीच नाकाशी धरावी. वास जेमतेम येतो. तीच पाकळी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं एकदा दाबली की डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प खोलीभर पसरतो. त्या क्षणभरात जे घडलं, ती लसणाची सगळी रासायनिक करामत आहे. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिइन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. त्याच पाकळीत, पण वेगळ्या कप्प्यात, अ‍ॅलिइनेज नावाचं एन्झाइम कोंडलेलं असतं. पाकळी चिरडली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन जन्माला येतं. दर्प त्याचा, जिभेला बसणारा चटका त्याचा, आणि औषधी गुणांची सुरुवातही त्याच्यापासूनच.

१९४४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर इथं, विन्थ्रॉप या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन हेज बेली यांनी अ‍ॅलिसिन वेगळं काढून दाखवलं. पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी अ‍ॅलिइन आणि ते एन्झाइम ओळखलं. म्हणजे पाट्यावर काय घडतं हे जगाला कळून सत्तर वर्षं उलटून गेली. तरीही आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर फक्त ‘लसूण अर्क’ किंवा ‘लसूण तेल’ आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा एक आकडा, एवढंच छापलेलं असतं.

एवढंच का पुरत नाही, ते सांगते. अ‍ॅलिसिन टिकाऊ नाही. ते तुटत, जुळत दुसरी रूपं घेतं आणि कुठलं रूप घेईल हे लसणाचं पुढं काय केलं जातं यावर ठरतं. ठेचलेला लसूण पाण्याच्या वाफेवर चढवून तेल काढलं, तर त्यात डायअलाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड मिळतात, अ‍ॅलिसिन उरत नाही. तोच लसूण खाद्यतेलात मुरवला तर अ‍ॅजोइन आणि व्हिनाइलडायथिइन ही वेगळीच कुळी तयार होते. अ‍ॅजोइनची ओळख १९८४ साली एरिक ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटवली. रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू न देण्याची त्याची ताकद मोठी आहे. लसूण काप करून सौम्य अल्कोहोलमध्ये महिनोन्महिने मुरवत ठेवला, जपानी कंपन्या करतात तसा, तर उग्र द्रव्यं निघून जातात आणि एस-अलाइल सिस्टीन हे पाण्यात विरघळणारं, सौम्य, शरीरात चांगलं शोषलं जाणारं संयुग वरचढ ठरतं. आणि लसूण कमी उष्णतेवर वाळवून भुकटी केली, तर अ‍ॅलिइन आणि एन्झाइम दोन्ही कोरडी, झोपलेली राहतात. पाणी मिळालं की त्यांनी जागं व्हावं अशी अपेक्षा असते.

चार बाटल्या, चारही लसणाच्या, आणि आत चार निराळे पदार्थ. गिऱ्हाईक विचारतं, “ताई, यातली चांगली कुठली?” लेबल वाचून मी त्याला प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही.

आता दाहाबद्दल. गुडघा सुजतो, लाल होतो, ठणकतो, तेव्हा पेशींच्या आत एक खटका दाबला गेलेला असतो. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी पेशीत बांधून ठेवलेलं असतं. इजा किंवा जंतूंची खबर आली की ते सुटतं, केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन, कॉक्स-२ अशा दाह पेटवणाऱ्या रेणूंची जनुकं चालू करतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या माझ्या दुकानातून रोज जाणाऱ्या गोळ्या यातल्या कॉक्स एन्झाइमांना अडवतात. लसणातली गंधकी संयुगं एक पायरी वर, खटक्यापाशीच काम करतात असं दिसतं. प्रथिनांवर गंधकाची जी टोकं असतात, त्यांना अ‍ॅलिसिन जाऊन चिकटतं आणि त्या प्रथिनांचं वागणं बदलतं. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी १९९८ साली हे नीट मांडलं. २००३ मध्ये जर्मन संशोधकांनी माणसाच्या रक्ताचे नमुने जंतूंच्या विषानं चेतवून त्यात लसणाचा अर्क घातला, तेव्हा टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१-बीटा यांचं प्रमाण घटलं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या गटानं आणखी एक वाट दाखवली. लसणातल्या सल्फाइडांपासून आपल्या तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात, आणि अत्यल्प प्रमाणातला तो वायू रक्तवाहिन्यांना सैल करतो. नाल्याच्या दुर्गंधीशी ज्याचं नाव जोडलेलं, तो वायू आपल्या शिरांमध्ये अशी सेवा करतो, हे वाचलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. आजही वाटतं.

सांध्यांबद्दलचा एक अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांनी २०१० साली हजाराहून अधिक जुळ्या बहिणींच्या आहाराची आणि त्यांच्या सांध्यांच्या एक्स-रेची सांगड घातली. लसूण, कांदा आणि त्याच कुळातल्या भाज्या जास्त खाणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याच्या सांध्याची झीज कमी दिसली. याच गटानं कूर्चेच्या पेशींवर डायअलाइल डायसल्फाइड घालून पाहिलं, तर कूर्चा कुरतडणाऱ्या एन्झाइमांचं उत्पादन त्यानं दाबलं. माणसांचं निरीक्षण आणि पेशींवरचा प्रयोग असे दोन पुरावे एकाच दिशेनं बोट दाखवतात, असं क्वचित घडतं. मात्र त्या बायकांनी नेहमीच्या जेवणात लसूण खाल्ला होता. दोन महिन्यांचा कॅप्सूलचा कोर्स केला नव्हता.

महोदय, इथून पुढचा भाग जाहिरातीत कधीच येत नाही. पेशींवरचे बरेच प्रयोग अ‍ॅलिसिन थेट पेशींवर ओतून झालेले आहेत. माणूस लसूण खातो तेव्हा अ‍ॅलिसिन रक्तापर्यंत पोचतच नाही. भरपूर कच्चा लसूण खाऊ घालूनही रक्तात अ‍ॅलिसिन सापडलेलं नाही. पोटात, आतड्यात, यकृतात त्याचं रूपांतर होत जातं. शेवटी हाती लागतो तो अलाइल मिथाइल सल्फाइड, जो दुसऱ्या दिवशीपर्यंत श्वासाला येत राहतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या बशीत जे झालं ते गुडघ्यात होईलच, असं म्हणता येत नाही. होत असेल तर ते अ‍ॅलिसिनच्या वारसदार रेणूंमुळे. आणि कुठले वारसदार किती, हे पुन्हा बाटलीत काय भरलं यावरच येऊन ठेपतं.

माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ इराणमध्ये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आमवाताच्या सत्तर स्त्रियांपैकी काहींना आठ आठवडे रोज एक ग्रॅम लसूण गोळीच्या रूपात दिला, काहींना बनावट गोळी. लसूण घेणाऱ्यांमध्ये दाहाचं माप मानलं जाणारं सीआरपी आणि टीएनएफ-अल्फा उतरले, दुखणंही काहीसं कमी झालं. अशा छोट्या चाचण्यांचं एकत्रित गणित २०१९ मध्ये मांडलं गेलं, त्यातही सीआरपी थोडं खाली येतं असंच दिसलं. ही उमेद वाढवणारी बातमी आहे. पण सत्तर स्त्रिया, आठ आठवडे आणि आधीपासून चालू असलेल्या औषधांच्या जोडीला, एवढी तिची मर्यादा आहे. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट बंद करून लसणावर या, असं त्या संशोधकांनी कुठंही म्हटलेलं नाही. माझ्या काउंटरवर मात्र ते म्हटलं जातं. आमवाताची एक मुलगी, नुकतं लग्न झालेलं, मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी थांबवून लसणाच्या कॅप्सूलचा तीन महिन्यांचा पॅक घ्यायला आली होती. बोटांचे सांधे आधीच फुगलेले होते. तिला परत डॉक्टरांकडे पाठवायला मला अर्धा तास लागला, आणि ती गेलीच असेल अशी खात्री आजही नाही.

चाचणी कशी असावी याचा नमुना मला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सापडतो. तिथं ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं २००७ मध्ये १९२ लोकांवरचा सहा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय दाहाचा नव्हता, कोलेस्टेरॉलचा होता. काहींना कच्चा लसूण, काहींना भुकटीच्या गोळ्या, काहींना मुरवलेल्या अर्काच्या, काहींना बनावट. आठवड्यातले सहा दिवस. महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक प्रकारात कुठलं रसायन किती आहे, हे त्यांनी अभ्यासभर तपासून ठेवलं. एलडीएल कोलेस्टेरॉल कुठल्याच गटात उतरलं नाही. लसणानं कोलेस्टेरॉल कमी होतं हे वाक्य त्यानंतर तरी बाटल्यांवरून जायला हवं होतं. निकाल कडू असला तरी त्यावर विश्वास ठेवता येतो, कारण काय दिलं हे त्यांना माहीत होतं.

आपल्याकडच्या बाटल्यांवरची माहिती किती अपुरी असू शकते, याचा अंदाज लसणाचे संशोधक लॅरी लॉसन यांच्या कामावरून येतो. लसणाच्या भुकटीतलं एन्झाइम जठरातल्या आम्लात कायमचं निकामी होतं. म्हणून अशा गोळ्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण देतात. लॉसन यांनी २००१ साली अमेरिकन बाजारातल्या अशा आवरणाच्या २४ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या. पोटातली परिस्थिती निर्माण केल्यावर त्यांतल्या बहुतेक गोळ्यांमधून, जेवढं मिळू शकलं असतं त्याच्या १५ टक्क्यांहूनही कमी अ‍ॅलिसिन बाहेर पडलं. लेबलवर काहीही असो, गुण पोटात उतरत नव्हता. आपल्या राज्यात, वैशाखात टिनाच्या गोदामात पडून राहिलेल्या आणि ट्रकमधून फिरलेल्या गोळ्यांचं काय होत असेल? हे कळायला मोजण्यावाचून दुसरा मार्ग नाही. त्यासाठी काही जगावेगळं यंत्र लागत नाही. औषध तपासणीत रोज वापरलं जाणारं एचपीएलसी पुरतं. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. लसणाच्या जातीजातींतला फरक जाणणारी माणसं आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत.

चालू औषधं थांबवली नाहीत, तर गुण न उतरल्यानं फार तर पैसे वाया जातात. पण जिथं गुण खरोखर उतरतो, तिथं काळजी वेगळी आहे, आणि त्यासाठीच मी लिहायला बसले.

अँजिओप्लास्टी झालेले एक काका माझ्याकडे दर महिन्याला क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन न्यायला येतात. एकदा म्हणाले, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, एखादी माउथवॉशची बाटली द्या. पिशवीत दुसऱ्या दुकानातून घेतलेली लसणाच्या कॅप्सूलची बाटली होती, दिवसाला दोन. डॉक्टरांना सांगितलंत का, असं विचारल्यावर म्हणाले, “अहो ताई, लसूणच तर आहे. त्याचं काय सांगायचं डॉक्टरांना?” रक्त कॅप्सूलमुळेच आलं असं मी म्हणणार नाही. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन या दोन गोळ्याच त्यासाठी पुरेशा असतात. पण बिंबिकांना चिकटू न देणारं तिसरं द्रव्य ते स्वतःच्या मनानं त्यात घालत होते, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाटली मी उलटसुलट करून पाहिली. हृदयासाठी, सांध्यांसाठी, पचनासाठी असं सगळं होतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल एक शब्द नव्हता.

वैद्यकीय नोंदींत असे धोके आहेत. १९९० साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकात ८७ वर्षांच्या एका गृहस्थाची हकिगत छापली गेली. त्यांना मार वगैरे काही लागलेला नव्हता. मणक्याच्या नळीत आपोआप रक्तस्राव होऊन त्यांचे पाय लुळे पडले होते, आणि त्याचा संबंध त्यांच्या अति लसूण खाण्याशी लावला गेला. भूल देणारे डॉक्टर नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान सात दिवस आधी लसणाच्या गोळ्या थांबवायला सांगतात, ते याचसाठी. एचआयव्हीचं सॅक्विनाविर हे औषध निरोगी स्वयंसेवकांना लसणाच्या गोळ्यांसोबत दिलं, तेव्हा रक्तातली त्याची पातळी निम्म्यावर आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतलं हे काम या शतकाच्या सुरुवातीचं. दुसरीकडे, मुरवलेल्या अर्काच्या एका चाचणीत रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये रक्तस्राव वाढलेला आढळला नाही. म्हणजे धोकाही सगळ्या बाटल्यांचा सारखा नाही. हेच तर माझं म्हणणं आहे. कुठल्या प्रकारचा लसूण आहे हे बाटलीवर नसेल, तर वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल घेणाऱ्या, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठण्याचं मोजमाप) तपासणाऱ्या माणसाला मी काय सल्ला द्यायचा?

कच्च्या लसणाचं आणखी एक दुखणं वाढलं आहे. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून गुडघ्यावर लसूण ठेचून बांधायचा आणि रात्रभर ठेवायचा. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. गुडघ्यावरचं फडकं सोडलं तर तळहाताएवढा फोड, कडेची कातडी पांढरी पडून सुटत आलेली. मधुमेह होता, म्हणून भाजलेलं नीट कळलंही नव्हतं. पाट्यावरचा जो दर्प डोळ्यांत पाणी आणतो, तोच तासन्‌तास कातडीवर दाबून धरला तर कातडी भाजते. जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी याची छायाचित्रांसह नोंद केलेली आहे. आपल्या प्रशासनाचं एक साधं पत्रक, ‘लसूण कातडीवर बांधू नका’ एवढंच सांगणारं, प्रत्येक औषध दुकानात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलं, तर असे कितीतरी गुडघे वाचतील.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्या आयुर्वेदात लसूण रसायन सांगितला आहे’, असं मला वरचेवर ऐकवलं जातं. सांगितला आहे, आणि फार नेटकेपणानं सांगितला आहे. काश्यपसंहितेत लसणावर स्वतंत्र अध्याय आहे. मध्य आशियातल्या कुचा परिसरात १८९० साली मिळालेल्या बॉवर हस्तलिखिताची सुरुवातच लसणानं होते. वाग्भटानं अष्टांगहृदयात वातावर लसणासारखं दुसरं द्रव्य नाही असं म्हटलं, पण त्याच श्वासात पित्त आणि रक्ताचा संबंध असलेली अवस्था वगळली. कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, कोणत्या ऋतूत, कशाबरोबर, हे ठरवूनच त्यानं लसूण हातात दिला. परंपरेचं नाव घेणाऱ्या बाटलीवर ती परंपरा सांगत असलेला अपवादही छापला जावा, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटत नाही.

लोक मला विचारतात, मग आम्ही करायचं काय? मी त्यांना स्वयंपाकघरात पाठवते. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात २००१ साली झालेल्या प्रयोगात, सोललेला अख्खा लसूण मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवला तर एन्झाइम मेलं आणि गुण गेला. ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग तापवला, तर गुणाचा काही भाग वाचला. अर्जेंटिनातल्या मेन्दोसामधल्या संशोधकांनाही २००७ मध्ये ठेचलेला लसूण अख्ख्यापेक्षा उष्णतेला जास्त तोंड देतो असंच दिसलं, मात्र दहा मिनिटांहून जास्त शिजवल्यावर दोन्ही सारखेच निष्प्रभ. म्हणून फोडणीत अख्ख्या पाकळ्या तांबूस करायच्या तर चवीसाठी कराव्यात. गुण हवा असेल तर लसूण आधी ठेचावा, बाकीची भाजी चिरून होईपर्यंत बाजूला ठेवावा आणि उतरवायच्या जरा आधी घालावा. खलबत्त्यात कुटलेली लसणाची चटणी, भाकरीबरोबरचा ठेचा, यांत तो कच्चाच पोटात जातो. रोजच्या जेवणातला एवढा लसूण बहुतेकांना बाधत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी बेतानं घ्यावा. ताज्या लसणाच्या एका ग्रॅममधून ठेचल्यावर साधारण दोन ते पाच मिलिग्रॅम अ‍ॅलिसिन मिळतं. लसणाचा भाव चढला तरी तो कॅप्सूलच्या बाटलीपेक्षा स्वस्तच पडतो.

आता कायद्याचं. आपल्यासमोर कलमं मांडणं मला शोभणार नाही, पण हे पत्र जाहीर आहे, म्हणून वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. लसणाच्या कॅप्सूल दोन परवान्यांखाली येतात. काही आयुर्वेदिक औषध म्हणून, काही अन्न सुरक्षा कायद्याखाली पूरक आहार म्हणून. दुकानात त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पूरक आहारावर तो औषधी वापरासाठी नाही असं छापणं बंधनकारक आहे, ते छापलेलं असतंही. मग ‘सांध्यांची सूज’ हे शब्द समोर मोठ्या अक्षरात आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ मागे बारीक अक्षरात, हे कसं? २०१८ च्या नियमांनुसार खाद्यपदार्थावरच्या दाव्याला शास्त्रीय आधार लागतो आणि रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. २००६ च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. १९५४ च्या ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्याच्या यादीत संधिवात, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह ही नावं आहेतच. नवा कायदा करायची गरज नाही. लेबलचे नियम दिल्लीत ठरतात, हेही मला माहीत आहे. पण नमुना उचलणं, तपासणं, चुकीच्या दाव्याला नोटीस देणं आणि निकाल जाहीर करणं राज्याच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्रानं मोजलेले आकडे समोर असले, तर केंद्रालाही त्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

ज्या कंपन्या खरोखर काळजीपूर्वक माल बनवतात, अ‍ॅलिसिन किंवा एस-अलाइल सिस्टीन किती आहे हे प्रामाणिकपणे लिहितात, त्यांचाही यात फायदा आहे. आज त्यांची बाटली आणि शेजारची रिकाम्या गुणाची बाटली दोन्ही एकाच भावानं, एकाच शब्दांत विकल्या जातात. एका कंपनीच्या प्रतिनिधीला मी विचारलं होतं, तुमच्या कॅप्सूलमधलं लसणाचं तेल कोणत्या पद्धतीनं काढलेलं? त्यानं मला योजना सांगितली, दहावर दोन फुकट. माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मला ते विचारण्याचा अधिकार आहे, असंही त्याला वाटलं नसावं.

आम्हा फार्मासिस्टांनाही आपण कामाला लावा. बीपीचं, हृदयाचं, रक्त पातळ करणारं औषध देताना ‘लसणाची, आल्याची, हळदीची कॅप्सूल घेता का?’ हा प्रश्न विचारणं आम्हाला सक्तीचं करा. एक वाक्य आहे, दहा सेकंद लागतात. गर्दीच्या वेळीही तेवढे काढता येतात.

तपासणीची सुरुवात माझ्या दुकानापासून केली तरी माझी हरकत नाही. लसणाच्या सर्व उत्पादनांची खरेदीची बिलं, बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा मी एका फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत. मागच्या फळीवर चार ब्रँडच्या न उघडलेल्या बाटल्या आहेत. त्या विकणं मी सध्या थांबवलं आहे, नमुन्यासाठी तशाच ठेवते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
पश्चिम महाराष्ट्र